समुद्राच्या तळाला जाऊन आलेला जावई

समुद्राच्या तळाला जाऊन आलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि तो मी. दुसरा दाखवा, मिशी उतरवून देतो.

दोन हजार सातची गोष्ट. मी हिंगोलीत टेलिफोन खात्यात. खात्यानं फिरायचा खर्च दिला आणि मी बायकोला, वैष्णवीला, घेऊन थेट अंदमान गाठलं. तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी देऊन समुद्राखाली नेतात. स्कुबा म्हणतात त्याला. शिकवणारा पोरगा आधी कमरेएवढ्या पाण्यात धडे देतो. श्वास नळीतूनच घ्यायचा, नाकानं घ्यायचा नाही, आणि घाबरायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या. मग खाली गेलो, मासे पाहिले, वाळूवर उभा राहिलो, फोटो निघाला. वैष्णवी तोवर किनाऱ्यावर आमच्या चपला राखत बसली होती. "हे बायकांचं काम नाही," असं मीच तिला सांगितलं होतं.

आता एक बारीकशी बाब. त्या पोरानं मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागून टाकीला धरून ठेवलं होतं, मांजर पिल्लू नेतं तसं. कारण मला पोहता येत नाही. तिथं तशी अटच नव्हती. आणि गावाकडं कुणी विचारलं नाही. समुद्रात बुडी मारून आलेल्या माणसाला पोहता येतं का, असं कोण विचारील? फोटोत मागं त्या पोराचा हात दिसतो. हा कोण, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, माझा मदतनीस.

त्याच वर्षी जेठात अधिक महिना आला. लग्नानंतरचा आमचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही रीत. माझी सासुरवाडी हट्टा गावची. सासरे संतराम, त्यांना मी मामा म्हणतो, आणि सासूबाई शकुबाई, त्या मामी. जेवणं शेतातल्या घरी, आखाड्यावर, लिंबाखाली मांडलेली. मामी जावयाशी कधी थेट बोलत नाहीत. डोक्यावर पदर घेऊन लेकीला सांगतात आणि लेक मला सांगते. म्हणजे वैष्णवी आमचं एक्स्चेंजच.

"वैष्णवे, त्यायला म्हण, अजून दोन धोंडे घ्या."

"आई म्हणते, अजून दोन घ्या."

मी घेत गेलो. तुपात बुडवून घेत गेलो. शेवटी पाटावरून उठायला मेहुण्यानं, जगननं, हात दिला.

लाईट गेलेली होती. त्या वर्षी लाईट येण्यापेक्षा जायचीच जास्त. मोटार बंद, म्हणून माझ्या हातावर पाणी घालायला मामी स्वतः विहिरीवर बादली शेंदायला गेल्या. वाकल्या, दोराला गळ्यातली पोत अडकली, मागची गाठ सुटली, आणि काळ्या मण्यांचं ते मंगळसूत्र सोन्याच्या वाट्यांसकट खाली गेलं. आम्हाला फक्त डुबुक् असा आवाज आला. मामी तिथंच मटकन खाली बसल्या.

अधिकाचा महिना, दारात जावई, आणि सवाष्णीच्या गळ्यातली पोत विहिरीत. मामींनी डोळ्याला पदर लावला. "पोत गळ्यात येईपर्यंत पाण्याला शिवणार न्हाई," म्हणाल्या. मामा आतापर्यंत ठणठणीत होते. ते हळूच बाजेवर आडवे झाले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला सकाळधरून कसंतरी होऊनच राहिलं होतं."

जगननं पटापट बुड्या मारल्या. पण सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी पाझरतं, त्यामुळं भर उन्हाळ्यातही त्या विहिरीत तीन पुरुष खोल पाणी. खाली गाळ. जगन दम लागून वर आला, डोळे लाल.

"तळाला हात लागतो, पण चाचपेपर्यंत दम सरतो."

तेवढ्यात शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या, "काहून एवढी तकलीफ घेता? समुद्रातला माणूस घरात हाय न् तुमी विहिरीला भिऊन राहिलात."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माझ्या पोटातले धोंडे एकदम गार पडले.

मी म्हणालो, "त्याला टाकी लागते. टाकीशिवाय कायद्यानं उतरता येत नाही."

जगन धावत गेला आणि फवारणीचा पंप घेऊन आला. पाठीवर घ्यायला पट्टे, पट्ट्यांना टाकी, टाकीला नळी. फोटोतल्यासारखं सगळं बराबर.

"धुऊन आणलाय, दाजी," जगन म्हणाला. "मी काठावरून दांडा हापसत राहतो, तुमी नळी तोंडात धरा."

नळीला कपाशीच्या औषधाचा असा दर्प होता की वास घेऊनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "यानं मी पाण्यात जायच्या आधीच जाईन," मी म्हणालो. तेवढं सगळ्यांना पटलं. पण मामी पदराआडून बोलल्याच.

"त्यायला विचार, मंग जगनसारखंच नुसतं उतरता येत न्हाई का?"

मला सुचलं ते बोललो. "येतं की. पण भरल्या पोटी उतरायचं नसतं. अंदमानला पहिला नियमच तो."

मला वाटलं, सुटलो. कुठलं काय. मंडळी काठावर मांडी घालून बसली. माझं पोट रिकामं व्हायची वाट बघत अर्धं हट्टा गोळा झालं. मंजुळाबाईंनी ओवा आणला. कुणी लिंबू-सोडा आणला. कुणी म्हणालं, जावयाला चार चकरा मारायला लावा. मी बांधावरून चकरा मारत होतो आणि दर चकरेला कुणी ना कुणी विचारी, "जिरलं का?"

"थोडं राहिलंय," मी म्हणे.

मनात एकच चाललं होतं. लाईट येऊ दे. लाईट आली की मोटार चालू होईल, विहीर उपसता येईल आणि माझा जीव वाचेल. मी तारांकडं बघत चालत होतो. आयुष्यात एवढा मनापासून देव मी परीक्षेतही आठवला नव्हता.

वैष्णवी पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं जवळ आली. हळूच म्हणाली, "अहो, तुमाला खरंच येतं ना?"

तिथंच सांगायला पाहिजे होतं. तोंडावर आलंही होतं. पण काठावर मंजुळाबाई माझ्याकडं देवासारखं बघत होत्या, आणि मी म्हणालो, "अगं, समुद्रात गेलेला माणूस मी."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. तांब्या थरथरत होता. मग ती आईकडं वळली. "आई, मीच उतरू का?"

"जावयाच्या देखत?" मामी कडाडल्या. "चार माणसांत पदर खोचून उड्या मारणार व्हय? लोक काय म्हणतील?"

"तू?" मी पण हसून घेतलं.

ऊन उतरलं. मामींचा आवाज बसला होता, ओठ सुकले होते. मामांनी जगनला जवळ बोलावून आपल्या मागं बैलजोडीचं काय करायचं ते समजावून सांगायला सुरुवात केली. ते बघून मला स्वतःची लाज वाटली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरू लागलो. बेत साधा होता. शेवटच्या पायरीवर बसायचं, नाक धरून डोकं बुडवायचं, वर येऊन सांगायचं की गाळ फार आहे.

शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं.

पाय कधी सुटला कळलंच नाही. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं हिरवा अंधार. शिकवणाऱ्याचं आठवलं, श्वास घे. घेतला. तिथं नळी नव्हती. एकदा वर आलो, "वाच..." एवढं ओरडलो, आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा खाली गेलो. पुढचं मला नंतर कळलं. मी जितका वेळ खाली राहिलो तितकं माझं कौतुक वाढत गेलं.

"बघा, केवढा दम हाय," मंजुळाबाई म्हणत होत्या. "जगन कधीच वर आला असता."

आणि वैष्णवी ओरडली, "आई, त्यायला पोहता येत न्हाई!"

म्हणतात की मामींच्या डोक्यावरचा पदर त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर खाली आला. "पोत गेली मसणात," त्या किंचाळल्या. "माझ्या लेकीचं कुंकू वाचवा रे कुणीतरी!"

कुणी हलायच्या आधी लेकीनं काठावरून सूर मारला होता. पाण्यात माझ्या दंडाला एक हात लागला. मी त्याला वेलीसारखा नव्हे, गोचिडासारखा चिकटलो. तिनं मला एक थोबाडीत मारली, माझी पकड सुटली, आणि केसांना धरून तिनं मला पायरीवर आणून टाकलं. मी ओकत होतो. धोंडे जिरले नव्हते, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं.

तिनं माझी पाठ थोपटली. "मेले असते ना तुमी," एवढंच म्हणाली. मग पदर खोचला, छातीभर दम घेतला आणि पुन्हा खाली गेली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. किती वेळ झाला ते मोजू नये म्हणून मी डोळे मिटून घेतले. वर आली तेव्हा दातांत पोत होती.

या विहिरीत गेलेली अर्ध्या गावाची तांबे-भांडी लहानपणी वैष्णवीच काढायची, असं जगननं मला त्या पायरीवर सांगितलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मामींनी पोत गळ्यात बांधली, पाणी प्याल्या, आणि लेकीला कवटाळून रडल्या. मामा बाजेवरून उठून म्हणाले, "थोडं बरं वाटून राहिलं. काही धोंडे उरलेत का?"

दुसऱ्या दिवशी निघताना वाण दिलं. चांदीचं निरांजन, टॉवेल-टोपी, आणि त्यावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. झाकण डांबर लावून पक्कं केलेलं, दोन्ही बाजूंनी सुतळी ओवलेली. आमच्याकडं लेकरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात, तो. मी वैष्णवीकडं बघितलं, पण या वेळी एक्स्चेंज लागलं नाही. मामी थेट माझ्याशी बोलल्या.

"जावईबापू, पुढचा धोंड्याचा महिना तीन वर्षांनी हाय. तवर शिका."

तीन वर्षं आता होत आलीत. परवा पाण्यात वैष्णवीनं माझ्या पाठीचा डबा सोडून बघितला, आणि लगेच परत बांधला.