जादा इओसिनोफिलांची चौकशी

संशोधन संस्थेच्या तिमाही अहवालात डॉक्टरबाईंनी एक वाक्य लिहिलं : ‘इओसिनोफिलांची संख्या पाचशेच्या मर्यादेत असायला हवी, प्रत्यक्षात ती चार हजार दोनशे आढळली.’ वाक्यात चूक एकच होती, ती म्हणजे ते कुणीतरी वाचलं.

इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी. पोटात जंत शिरले तर त्यांच्याशी लढणं, हे तिचं काम. पण काही माणसांच्या अंगात जंत नसले तरी या पेशींची भरती चालूच राहते, आणि मग हाताला काम नाही म्हणून त्या घरमालकावरच उठतात. दमा, खाज, सूज, जे जमेल ते करतात. हे असं का होतं, याचा शोध डॉक्टरबाई अकरा वर्षं तळमजल्यावरच्या खोलीत घेत होत्या. अहवालातला आकडा होता त्यांच्या एका रुग्णाच्या, शिंपीकाकांच्या रक्ताच्या एका बारीक थेंबातला. काका माप घ्यायला वाकले की खोकल्याची अशी उबळ यायची की परवा एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. सोमवारी त्यांना नव्या औषधाचं पहिलं इंजेक्शन मिळणार होतं.

शनिवारी आस्थापना विभागाचं पत्र आलं. ‘आपल्याकडे मंजूर मर्यादा ५०० असताना ४,२०० इओसिनोफिल कार्यरत असल्याचे निदर्शनास आले आहे. ३,७०० जादा इओसिनोफिल कोणाच्या आदेशाने नेमले, याचा खुलासा तात्काळ करावा.’

डॉक्टरबाई पत्र घेऊन तडक वर गेल्या.

“साहेब, ही माणसं नाहीत हो. पेशी आहेत.”

हेडक्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, पदनामाचं काही सांगू नका. आमचे शिपाई गेल्या वर्षी ‘दालन सहायक’ झाले. झाडू तोच आहे.”

“अहो, त्या रक्तात असतात!”

हेडक्लार्कचं पेन थांबलं. “रक्ताच्या नात्यातले? तीन हजार सातशे?”

“माझ्या नाही! शिंपीकाकांच्या रक्तातल्या.”

“शिंप्याचे नातेवाईक,” असं पुटपुटत त्याने लिहून घेतलं. “कामाचे तास?”

“रक्तात आठ-दहा तास असतात, मग निघून जातात.”

“आठ तास पूर्ण भरतात?” त्याच्या आवाजात प्रथमच आदर आला. “आणि काम काय करतात?”

“काम नाही, हाच तर आजार आहे! बसल्या बसल्या आजूबाजूच्यांना त्रास देतात.”

“म्हणजे अनुभवी आहेत,” तो म्हणाला. “बरं, तुम्ही यावर काय कार्यवाही करणार?”

“सोमवारी इंजेक्शन देणार. त्याने जादा पेशी मरतात.”

पलीकडच्या टेबलावरची टायपिस्ट तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. पंधरा मिनिटांत ती बातमी चारही मजल्यांवर पोचली आणि संध्याकाळपर्यंत संचालकांचा आदेश निघाला : चौकशी पूर्ण होईपर्यंत इंजेक्शनला स्थगिती.

सोमवारी चौकशी समितीचे सात सदस्य तळमजल्यावर आले. एकेकाने मायक्रोस्कोपला डोळा लावला.

“एवढे सगळे एकाच खोलीत?” अध्यक्ष हळहळले. “खिडकी नाही, पंखा नाही.”

“गणवेश मात्र एकसारखा आहे. गुलाबी,” दुसरे म्हणाले.

“तो रंग मी लावलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“स्वतः?” अध्यक्ष भारावले. “लिहा, विभागप्रमुखांना कर्मचाऱ्यांबद्दल आस्था आहे. तरीही त्या त्यांना मारू पाहतात, हे अनाकलनीय आहे.”

दुसऱ्या दिवशी कर्मचारी संघटनेने फाटकावर फलक लावला : ‘इओसिनोफिल एकजुटीचा विजय असो.’ रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने बेमुदत उपोषण सुरू केलं. इओसिनोफिल कोण, असं त्याला एका परिचारिकेने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “कुणी का असेना, अन्याय तो अन्याय.”

या धामधुमीत शिंपीकाकांचा आकडा पाच हजार शंभरवर गेला. समितीने नोंद केली की चौकशी चालू असताना नवी भरती झाली, हे गंभीर आहे.

काका भिंत धरत धरत तळमजल्यावर आले. श्वासागणिक छातीतून शिट्टी वाजत होती.

“बाई, गिऱ्हाईक म्हणतं, काका, मशीनला तेल घाला. मशीन बंद असते हो. कुरकुरतो तो मीच असतो.” ते स्टुलावर टेकले. “मला चौकशीतलं काही कळत नाही. पण ती संपेपर्यंत मी असेन ना?”

डॉक्टरबाईंनी काकांच्या पाठीवर हात ठेवला, आणि हाताखाली श्वासाची ती धडपड जाणवली तेव्हा अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या विद्येची लाज वाटली.

घरी त्या न जेवता बसून राहिल्या. त्यांची आई तीस वर्षं टपाल खात्यात काढून निवृत्त झालेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुढे सरकवलं.

“तू त्यांना शास्त्र समजावत बसलीस, तिथेच चुकलीस. अगं, ऑफिसशी ऑफिसच बोलावं. तुझ्या त्या पेशी जगतात किती दिवस?”

“रक्तातून बाहेर पडल्यावर फार तर दोन आठवडे.”

“मग निवृत्तीचं वय उलटलंय की त्यांचं! काढ कागद.”

सकाळी अर्ज हेडक्लार्कच्या टेबलावर होता. ‘पाच हजार शंभरपैकी पाचशे वगळता सर्वांनी विहित वयोमर्यादा ओलांडली आहे.’ तो वाचून हेडक्लार्क ताडकन उभा राहिला.

“वय उलटलेले लोक अजून सेवेत? आणि हे तुम्ही आज सांगताय, मॅडम?”

“चुकलंच माझं,” डॉक्टरबाई मान खाली घालून म्हणाल्या.

मंजूर नसलेल्या पदावरून कुणाला निवृत्त करता येत नाही, म्हणून आधी चार हजार सहाशे पदं पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर झाली. मग निवृत्तीचे आदेश निघाले आणि चौकशी मिटली. ड्रायव्हरने मोसंबीचा रस पिऊन उपोषण सोडलं. संस्थेने निरोप समारंभ ठेवला आणि सर्व निवृत्तांच्या वतीने पुष्पगुच्छ शिंपीकाकांनी स्वीकारला. “ही मंडळी कामाशी अगदी एकरूप झाली होती,” असं संचालक सद्गदित होऊन सांगत होते आणि काका फुलांमुळे सलग एकोणीस वेळा शिंकले. सभागृहाला वाटलं, ते रडताहेत. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी रुमाल काढले.

समारंभ आटोपताच डॉक्टरबाईंनी काकांना पडद्याआड नेऊन इंजेक्शन दिलं. महिन्याने आकडा तीनशेवर आला. काका जिना एका दमात चढून आले, मधे न थांबता अर्धा तास बोलले, आणि जाताना डॉक्टरबाईंच्या एप्रनचा उसवलेला खिसा शिवून गेले.

सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण चार हजार सहाशे मंजूर पदं रिक्त राहिली होती.

“ती रिक्त आहेत म्हणूनच तो माणूस जिवंत आहे!” डॉक्टरबाई ओरडल्या.

“पदं रिक्त ठेवली तर उद्या ती रद्द होतील, मॅडम,” हेडक्लार्क शांतपणे म्हणाला, आणि जाहिरात सुटली.

इओसिनोफिल पदासाठी तीन लाख अर्ज आले. फोन दिवसभर वाजत राहिला. पद कायम आहे का? बदली होते का? गुलाबी गणवेश संस्था देते की आपण शिवायचा? डॉक्टरबाईंच्या सख्ख्या भाऊजींनीसुद्धा विचारलं, “ताई, तुमच्याच विभागात आहे म्हणे. आमच्या पोरीसाठी एक शब्द टाकाल का?” या पदाला काम काय असतं, हे विचारायला मात्र एकही फोन आला नाही.

तुम्ही इथवर हसत वाचलंत, फार बरं वाटलं. पण अर्जाची शेवटची तारीख काय होती, हा प्रश्न आत्ता मनात येऊन गेला ना? काळजी करू नका, मुदत वाढवली आहे.