चौथा गडी

"थोडी प्रतीक्षा करा" म्हणणाऱ्या फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईलाही "मेहरबानी" म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी विश्वनाथअप्पा.

अप्पांचं परभणीत बियाण्यांचं दुकान होतं. काकू गेल्यावर त्यांनी ते बंद केलं, सहा महिने बंगळुरूला मुलाकडं राहिले आणि येताना गोल्फ शिकून आले. परभणीत गोल्फ! तेव्हापासून वर्षातून दोनदा काठ्यांची लांबलचक पिशवी खांद्यावर टाकून ते एकटेच रेल्वेनं हैदराबादला जातात. त्या पिशवीत काय असतं, यावर स्टेशनवरचे रिक्षावाले अजून वाद घालतात.

खरी गंमत बुकिंगची. एकट्या माणसाला तिथल्या गोल्फच्या मैदानावर वेगळी पाळी मिळत नाही. तिघांच्या गटात जागा असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर चौथा गडी म्हणून घेतात. अप्पा हे सोयरिकीसारखं मनावर घेतात. "हौ साहब, अकेलाइच हूं. पान-तंबाकू कुछ नहीं. घराना वालूर का." पलीकडचा बिचारा फक्त नाव विचारत असतो.

जागा मिळाली की माझ्या बायकोला चौघांच्या दशम्या करायला सांगतात. "सूनबाई, लोकायच्यात जायचं तर हात हालवत कसं जावं?"

यंदा मात्र तीनदा फोन करूनही नकारच आला. अप्पांचं तोंड उतरलं. मी शहाणपणा केला, "अप्पा, गावाकडं वालूरच्या वावरात मारा की चेंडू. कोण अडवतंय?"

"चेंडू वावरात बी मारता येतो रे. पण तुझी काकू गेल्यापासून चार तास संगं चालायला कोन हाय? तिथं अनोळखी मानसं चालतेत. माझा चेंडू हुकला की हसतेत. लय बरं वाटतं."

भिंतीला भिंत लागून राहतो, पण त्यांच्यासोबत मी कधी कोपऱ्यापर्यंतही चाललो नव्हतो.

तेवढ्यात हैदराबादचा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला.

"पिछली बार के तीनों साहब लोगां बुकिंग कर लिए. चौथी जगह पे नाम लिखाए, दशमीवाले अप्पा. आते ना?"

अप्पांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. डोळे भरून आले होते. शेवटी फोन मी हातात घेतला आणि त्यांच्या वतीनं म्हणालो, "आते. मेहरबानी."

इतक्या मनापासून मी तो शब्द कधीच म्हटला नव्हता.