गायकवाड सरांचं मँटल

आमच्या भिंगारच्या घरात शिरल्यावर लोक टीव्ही बघतात. समोरच्या फ्लॅटमधले गायकवाड सर टीव्हीखालची फळी बघतात. नुसती बघत नाहीत, गुडघे टेकून तिच्याखाली वाकतात.

"हिला कॉर्बेल नाहीत!"

कॉर्बेल म्हणजे फळीला खालून खांदा देणारे नक्षीचे ठोकळे, हे मला सरांमुळेच कळलं. सर निवृत्त चित्रकला शिक्षक. लग्न केलं नाही. लहानपण मिशनच्या वसतिगृहात गेलं. तिथल्या साहेबाच्या बंगल्यात त्यांनी पहिल्यांदा फायरप्लेस पाहिली आणि तिच्याभोवतीच्या चौकटीचं, म्हणजे मँटलचं, वेड लागलं ते कायमचं.

माणसंही ते त्याच मापानं मोजत. साधा, नीटनेटका, दोन्ही बाजूंनी सारखा असेल तो जॉर्जियन. पानाफुलांनी लादलेला व्हिक्टोरियन. माझ्या मेव्हण्याला भेटून म्हणाले, "पक्के व्हिक्टोरियन. नक्षी फार, खांबात दम नाही." माझ्या बायकोला त्यांनी 'रस्टिक' म्हटलं तेव्हा मात्र ती फुगून बसली. "अहो वहिनी, रस्टिक म्हणजे एकच जाड तुळई. रंधा नाही, रंग नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही," असं समजावल्यावर चहा मिळाला.

गेल्या मे महिन्यात सरांनी ठरवलं, आपल्या हॉलमध्ये जॉर्जियन मँटल बसवायचंच. सोसायटीनं सांगितलं, धुराडं चालणार नाही.

"आग हवीय कुणाला?" सर म्हणाले. "ती नगरला बाहेर आहेच."

सोनईहून सुतार आला. काम होत आलं तसा तो वैतागला. "सर, फळी लई पुढं आलीय. जाता-येता डोकं आपटंल. कापू का?"

"फळी म्हणू नकोस. आणि एक सूतसुद्धा कापू नकोस."

"पर येवढ्या रुंद जागंवर ठिवनार काय तुमी?"

सर फळीवरचा भुसा हातानं झाडू लागले.

काम संपलं त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको आणि आमची लेक बघायला गेलो. सुतार हत्यारं गोळा करत होता. मँटल खरोखर देखणं झालं होतं.

"वर रिकामं का ठेवलंय?" बायकोनं विचारलं.

"तिथं घरच्यांचे फोटो ठेवायची पद्धत आहे." सरांनी घसा खाकरला. "वहिनी, तुमच्याकडे एखादा जास्तीचा असेल का? फ्रेम मी करून घेईन."

बायकोनं आपला मोबाईल सुताराच्या हातात दिला. "जास्तीचा नाही. नवाच काढू. सर, बसा मध्ये."

"मी कशाला? मी काढतो ना फोटो—"

"बसा म्हणते ना!"

सर मध्ये बसले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग घडी घातली, मग पुन्हा सोडली. शेवटी लेकीनं त्यातला एक आपल्या हातात घेतला, आणि सुतार म्हणाला, "हां, आता हलू नका."