दादारावांची वळकटी

पचमढीला जायचं ठरल्यापासून आमचे शेजारी दादाराव रोज सकाळी वळकटी बांधत आणि रोज संध्याकाळी झोपायला सोडत. जायचं नक्की होतं. उतरायचं कुठे, हेच ठरत नव्हतं. बाजारातलं हॉटेल, की गावाबाहेर बागेतला भाड्याचा बंगला?

"मांगं-पुढं पाहा लागते, भाऊ!" हे त्यांचं पालुपद. वर्ध्याच्या स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून त्यांनी बाबूलाच विचारलं, "हॉटेलात बाजूचा मानूस घोरला त कोनाले सांगाचं? अन् बंगल्यात अस्वल आलं त?" मागची रांग खवळली. रांगेत मीही होतो. ओळख दाखवली नाही.

त्यांच्या पत्नीचा, सीतावहिनींचा, खोकला हिवाळाभर हटला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवापालटाला डोंगरावर न्या आणि चुलीच्या धुरापासून लांब ठेवा.

"मग हॉटेलच घ्या," मी शहाणपणा केला. "आयतं ताट!"

"अन् तुमची वयनी जेवली नाई त?"

खरंच की! वहिनी परक्या चुलीचं खात नसत. आमच्या मुलीच्या लग्नातही त्या केळ्यांवर राहिल्या होत्या. म्हणजे हॉटेलात उपास, बंगल्यात स्वतः रांधायचं तर धूर.

तेव्हापासून दादाराव नेमके आमच्या स्वयंपाकाच्या वेळेला येऊन चुलीपाशी उकिडवे बसू लागले. मी बायकोला म्हटलं, "यांचा भाकरीवर डोळा दिसतो. एक जास्त टाक."

"डोळा नाही, हात," ती हसली. "रोज एक थापतात अन् रोज मोडतात."

एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात धूर दिसला म्हणून डोकावलो. विटांच्या चुलीपाशी दादाराव, पोळलेल्या बोटांना हळद-तेल. धूर जाणार नाही अशा बाजूला, लांब बाजेवर वहिनी, तोंड फिरवून.

"लोक काय म्हनतीन? नवऱ्याले चुलीपाशी बसवलं!"

"पचमढीत कोन ओयखते आपल्याले?"

मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "भाऊ, हिनं घास नाई घेतला त जानं रद्द. इतके वर्स धुरात बसली. आता नाई बसवत मी."

ताट वहिनींपुढे गेलं. भाकरी कुठल्याच बाजूने गोल नव्हती. वहिनींनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तुकडा मोडला, वरणात बुडवला. दादाराव त्यांच्या तोंडाकडे असे बघत होते, जणू समोर खरंच अस्वल उभं असावं.

"मीठ नाई," वहिनी म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा मोडला.

त्या संध्याकाळी वळकटी सुटली नाही. दादाराव नुसत्या बाजेवर झोपले.