नामदेवकाकांचा जोलोफ

आमच्या शेजारचे नामदेवकाका रोज सकाळी टमाट्याचा भाव विचारतात आणि काहीच न घेता पुढं जातात. परतूरच्या बाजारातले भाजीवाले आता त्यांना लांबून येताना पाहूनच भाव ओरडतात, म्हणजे काका थांबायला नकोत. "काका, चढला," असं ऐकलं की यांचं तोंड उतरतं. एरवी घरात टमाट्याची साधी चटणीही यांना चालत नाही. पित्त होतं म्हणे.

हा सगळा खटाटोप वर्षातून एकदा करायच्या जोलोफसाठी. काका तरुणपणी नायजेरियात, लागोसच्या एका कारखान्यात फिटर होते. जोलोफ हा तिकडचा भात. टमाटे, लाल मिरची, कांदा वाटून तेलात चांगलं परतायचं आणि त्यातच तांदूळ शिजवायचा. टमाटे म्हणजे पोतंभर लागतात की काय, असं वाटावं.

काकांनी पहिल्यांदा केला तेव्हा अख्खी गल्ली जेवायला बसली आणि लालभडक भात पुढ्यात घेऊन वरणाची वाट बघत राहिली. कोणी ताटाला हात लावेना. माझ्या सासूबाईंनी विचारलंच, "नामदेवा, वरण शिजायचंय का रे अजून?"

काका बिघडले. "याला वरण नसतं, माय. बिलकुल नसतं."

तेव्हापासून आम्ही बायका पदराआड वरणाचा डबा नेतो. काका बघून न बघितल्यासारखं करतात, हा त्यांचा मोठेपणा.

यंदा टमाटे, तेल, सिलिंडर, सगळंच भडकलं. काकी म्हणाल्या, टमाटे कमी घाला, रंग टाका. त्या दिवशी काका त्यांच्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, थोडी चिंच घाला. तर मलाच म्हणाले, "तू आपलं शिवणकाम कर. कमी टमाट्याचा तो नुसता भात. जोलोफ न्हाई."

मी शिवणकाम करते हे खरं, पण बोलायची काही रीत असते की नाही?

रविवारी त्यांच्या घरातून ठसका लागेल असा मसाल्याचा वास आला. आमंत्रण मात्र नाही. दुपार टळली तरी नाही. इतक्या वर्षांचा शेजार, आणि आता आम्हीच जड झालो? माझं डोकंच फिरलं. मशीन बंद केली आणि तशीच गेले.

ओसरीत एकच ताट मांडलेलं. ताटावर समोरच्या बांधकामावरचा बिहारी मिस्त्री. तापानं पार गळून गेलेला, नुकताच उठून बसायला लागलेला.

मला पाहून काका ओशाळले. "यंदा साऱ्यांचं झेपलं न्हाई, माय. मंग म्हटलं, एकाचंच करावं, पण बराबर करावं. तुला भूक लागली तर गल्लीत कोणीबी वाढंल. याला इथं कोण हाय?"

काकींनी मला आत नेलं आणि हळूच सांगितलं. लागोसला गेल्या गेल्या काकांना हिवतापानं धरलं होतं. भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. समोरच्या घरातली म्हातारी रोज ताट घेऊन यायची. तापाच्या माणसाला तिखट भात, पण काका उठले ते त्या भातावरच. टमाटे तिकडंही महागले होते. म्हातारीनं ना टमाटे कमी केले, ना काकांना वगळलं. हे काका आम्हाला कधी बोलले नव्हते. माझा राग कुठल्या कुठं गेला. असा शेजार आपल्या नशिबी आला, याचं फार बरं वाटलं.

बाहेर आले तेव्हा मिस्त्रीचं ताट लख्ख झालं होतं. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "चाचा, आपका भी कोई बाहर कमाने गया है क्या?"

काका त्याला आणखी वाढत म्हणाले, "न्हाई रे बाबा. मीच गेल्तो."