बिनखात्याच्या बेबीताई

बेबीताईंच्या गल्लीतल्या नळाला गटाराचा वास येत होता. त्यांच्या दृष्टीने ही बाब गंभीर होती, कारण नातू प्रेम त्या पाण्यापायी जुलाबांनी अंथरुणाला खिळला होता. ग्रामपंचायतीचीही परिस्थिती गंभीर होती, कारण सरपंच गुलाबरावांवर अविश्वास ठराव येऊ घातला होता. फुटलेला पाइप आधी जोडावा की फुटलेले सदस्य, असा पेच होता. अर्थातच सदस्य आधी आले.

वाट दाखवली ती गुलाबरावांच्या पुतण्याने, संघर्षने. अमडापूरच्या पलीकडचं हे गाव सोडून तो आफ्रिकेतल्या एका देशात सौरपंप बसवायला गेला होता. व्हिडिओ कॉलवर त्याने तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा कारभार सांगितला.

"काका, इथं जो कुरकुरला त्याले मंत्री करते. अन् तो खुर्चीत जरा रुळला का खातं बदलून टाकते. विरोधात बोलाले मानूसच नाही उरला."

पारावर लोक पोट धरून हसले. असलं काही आफ्रिकेतच चालायचं, असं सर्वानुमते ठरलं. गुलाबराव तेवढे हसले नाहीत.

लवकरच शाळेच्या ओसरीवर गावच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. रुसलेल्या सदस्यांना पाणीपुरवठा, पथदिवे, स्मशानभूमी अशी खाती मिळाली. उकंडरावांना एसटी थांबा खातं मिळालं. गावात एसटी येत नसल्यामुळे त्यांचा कारभार अत्यंत स्वच्छ राहिला. ठराव बारगळला. मग सदस्यांचे भाऊबंद रुसले, त्यांना राज्यमंत्री केलं. त्यांच्यातल्या प्रेमानंद नावाच्या एकाची पाळी आली तेव्हा खातीच संपली होती, म्हणून त्याला बिनखात्याचा मंत्री जाहीर केलं. त्याची बायको पंचायतीच्या दारात येऊन बसली.

"बाकीचे सारे खाते, अन् माह्याच मानसानं काऊन उपाशी राह्याचं?"

शासकीय भाषेत तिचा अर्थ चुकला होता. व्यवहारात तो बिनचूक असल्याने प्रेमानंदला तातडीने सांत्वन खातं देण्यात आलं. शिवाय गावचं पाणी पिऊन मंत्रीच आजारी पडले तर गावाकडे कोण बघणार, या काळजीने प्रत्येक मंत्र्याच्या घरी फिल्टरच्या पाण्याचा जार सुरू झाला.

बेबीताईंचं नाव कुठेच नव्हतं. त्या रुसत नव्हत्या, नुसतं पाणी मागत होत्या. अशा माणसाला मंत्रिमंडळात घ्यायची प्रथा नाही.

त्या पाणीपुरवठा मंत्री इंद्रभानकडे गेल्या. तो भला माणूस स्वतः खणायला आला. त्याने पहिला घाव घातला तोच भोंग्यावरून फेरबदल जाहीर झाला: इंद्रभान आता पथदिव्यांना. त्याच्या हातात टिकाव होता, पण खात्यात काही टिकाव लागला नाही. जाताना त्याने खड्डा नियमानुसार बुजवून दिला.

त्याच्या जागी आलेला नवा मंत्री म्हणाला, "मी कालच आलो, ताई. अभ्यास करून राह्यलो. अन् मले सांगा, पानी नळाचं हाय, पन वास गटाराचा ना? मंग थे खातं निराळं."

तेवढ्यात प्रेमला चिखलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सलाईन लावलेला तो हडकुळा हात पाहून बेबीताईंचं काळीज तुटलं. त्या परतल्या त्या थेट सरपंचांच्या दारात.

"गुलाबभाऊ, पोरगं मरून राह्यलं माहं. पाइप बदलता का नाही?"

गुलाबरावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. "ताई, चुकलंच आमचं. साऱ्या गावात बिनखात्याच्या तुमीच राह्यल्या. आजपासून पाणीपुरवठा तुमच्याकडं."

संध्याकाळी जार आला. प्रेम घरी आला, बरा झाला, अंगणात हुंदडू लागला. बेबीताईंनी खड्ड्याची जागा दोनदा पाहून ठेवली. पण पाइप बदलला तर खात्याला काम उरणार नव्हतं. काम नाही म्हटल्यावर फेरबदल. फेरबदलात काय पदरी पडेल कोणी सांगावं? नातवाचा जीव काही वरचेवर पणाला लावता येत नाही.

मधे संघर्षचा फोन आला. "काका, आपल्या गावचं इथं सांगतलं तर लोक पोट धरून हासले. म्हने, असं भारतातच होते."

एका सकाळी शेजारची रेणुका घागर घेऊन आली. तिची पोर रात्रभर ओकत होती. बेबीताईंनी पाणी हुंगलं. वास तोच होता.

"रेणुका, मी आताच आली वं माय," त्या खाली बघत म्हणाल्या. "अभ्यास करून राह्यली."

रेणुका भांडली नाही. घागर बाजूला ठेवून तिने हळूच विचारलं, "ताई, कोन्तं खातं रिकामं हाय का?"

हे वाचून तुम्हाला बेबीताईंचा संताप आला असेल, तर ते तुमच्या सज्जनपणाला शोभतंच. पेलाभर पाणी प्या, बरं वाटेल. फिल्टरचंच असेल ना?