पुएब्लात खाणावळी एकदाच विचारतात

‘‘माझ्याएवढं तिखट खाणारा माणूस अख्ख्या गडहिंग्लजात नाही. डॉक्टरनं दहीभात सांगितल्यापासून मीही नाही,’’ असं केरबा शिंत्रे ज्या हवालदाराला सांगत होते, तो तेव्हा चालत्या खाणावळींना वाट करून देत होता. मेक्सिकोतल्या पुएब्ला या जुन्या शहरात जेवायला माणसं बाहेर पडत नाहीत, खाणावळी पडतात. दिवे लागले की त्या आपापल्या पायऱ्या सावरत चर्चसमोरच्या चौकात येतात आणि बाकांवरच्या माणसांना जेवणार का म्हणून विचारतात. शहर जुनं, त्यामुळे काहींचे गुडघे गेलेत. त्या भिंतीला धरून येतात.

केरबा आणि त्यांची बायको अक्काताई मुलाकडे आले होते. उद्या परतीचं विमान होतं, आणि दोघांनीच बाहेर जेवायची ही पहिलीच संध्याकाळ होती. अक्काताईंनी त्यासाठी ठेवणीतलं इरकल काढलं होतं आणि दुपारचं जेवण सोडलं होतं.

पहिली आली ती पिवळी, बुटकी खाणावळ. तिनं दार अर्धं उघडून अदबीनं विचारलं. केरबांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण ते म्हणाले, ‘‘छे छे, आमचं आत्ताच झालं.’’ खाणावळीनं मान लववली आणि ती पुढच्या बाकाकडे गेली. ती परत वळून आग्रह करील म्हणून केरबा बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. दुसरी दुमजली होती. तिला ते म्हणाले, ‘‘उगीच कशाला तुम्हाला त्रास.’’ तिलाही ते पटलं.

मग केरबांनी हवालदाराकडे तक्रार केली. एमिलियानो त्याचं नाव. तक्रार मराठीत झाली, उत्तर स्पॅनिशमध्ये आलं, कुणाचंच काही अडलं नाही. हवालदारानं शांतपणे नियम सांगितला. खाणावळीनं एकदाच विचारायचं. नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं, त्याला इथं दंड आहे. तीनदा नको म्हणणारा माणूस जेवलेला धरला जातो.

‘‘आमच्याकडे पहिल्या हाकेला पानावर बसणाऱ्याला हावरट म्हणतात,’’ केरबा म्हणाले.

‘‘मग तुमच्याकडे जेवतं कोण?’’ हवालदारानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अक्काताईंनी पदर नीट केला आणि नवऱ्याचा नकार बायकोलाही लागू होतो का, एवढंच विचारलं. हवालदार म्हणाला, ज्याचं तोंड त्याचा नकार.

तेवढ्यात निळ्या फरश्यांची तिसरी आली. तिच्या धुराड्यातून मोलेचा वास येत होता. मोले म्हणजे मिरच्या, तीळ आणि चॉकलेट एकत्र वाटून केलेला दाट, काळा रस्सा. केरबांच्या तोंडाला पाणी सुटलं. या खेपेला हो म्हणायचं, हे त्यांनी मनाशी अगदी पक्कं केलं. खाणावळ वाकली, तिनं विचारलं, आणि केरबांच्या तोंडून आपसूक निघालं, ‘‘नको हो, पोट अगदी भरलंय.’’

खाणावळीनं दिलगिरी व्यक्त केली आणि ती अक्काताईंकडे वळली.

‘‘जेवणार,’’ अक्काताई म्हणाल्या, आणि चपला काढून पायऱ्या चढल्या. आत खिडकीशी त्यांना टेबल मिळालं. कुणीतरी त्यांच्यापुढे ताट ठेवलं, गरम रोट्या फडक्यात गुंडाळून दिल्या. त्यांनी सवयीनं उठून वाढायला हात पुढे केला, तर वाढप्यानं त्यांना खांद्याला धरून पुन्हा बसवलं.

खाणावळ निघाली. केरबा खिडकीबरोबर चालू लागले, मग जरा पळू लागले.

‘‘अगं, तिला सांग की, मला अजून एकदा विचार म्हणावं. एकदाच.’’

अक्काताईंनी तोंडातला घास सावकाश संपवला.

‘‘ही परकी बाई एकदा तरी विचारते हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लग्न झाल्यापासून तुम्ही मला कधी विचारलंत, तू जेवलीस का म्हणून?’’